एक मिनिट हात स्थिर

भिंतीवरची हिरवी रेघ सेकंदाला पाच वेळा खालीवर होत होती. एल्सिराने घड्याळ धरून दोनदा मोजलं. दोन्ही वेळा पाच.

बाकीच्या बावीस रेघा जवळजवळ सरळ झाल्या होत्या. चिलीतल्या वाल्पाराइसो शहराच्या एका टेकडीवरच्या छोट्या सभागृहात तेवीस शेजारी तळहातावर मोबाइल ठेवून उभे होते. ही कल्पना खालच्या शहरातून आलेल्या आयेलेन नावाच्या कलावंत मुलीची. हात हलला की मोबाइलला कळायचं. ते हलणं भिंतीवर रेघ होऊन उमटायचं आणि कर्ण्यातून सूर होऊन वाजायचं. सगळ्यांनी मिनिटभर हात स्थिर धरला तर अख्खी टेकडी गप्प होईल, असं ती म्हणाली होती.

टेकडी गप्प झाली. एक सूर तेवढा घरघरत राहिला.

हिरवी रेघ एल्सिराच्या थोरल्या भावाची, निकानोरची. तारेने ओढली जाणारी टेकडीची लाकडी गाडी तो एकतीस वर्षं चालवत होता. ब्रेकचा दांडा त्याच्या उजव्या हातात असे. तो हात दोन वर्षांपासून थरथरत होता. दोन वर्षं एल्सिरा त्याला गाडी सोड म्हणत होती आणि तो ‘बघू’ म्हणत होता.

सूर थांबेना, तशा सगळ्यांनी माना वर केल्या. या टेकडीवर काहीही थरथरलं की माणसं आधी छताचा दिवा बघतात. दिवा स्वस्थ लटकत होता.

“भूकंप नाही,” ओबदुलियाबाई, सगळ्यांची दोन्या ओबदुलिया, जराशी निराश होऊन म्हणाली.

“खालून ट्रक गेला असेल,” मागून कुणीतरी म्हणालं.

“इतका वेळ? केवढा लांब आहे मेला!”

“माझा मोबाइल बिघडलाय,” निकानोर म्हणाला.

“मग बदलून बघू,” एल्सिरा म्हणाली. ती शाळेत भौतिकशास्त्र शिकवायची. “माझा तू घे, तुझा मला दे.”

“झाली मास्तरीणबाईंची शाळा सुरू.”

“दे रे.”

त्याने दिला. हिरवी रेघ सरळ झाली. दोनच सेकंदांत एल्सिराच्या मोबाइलची पिवळी रेघ नाचू लागली. सेकंदाला पाच.

“वा, काय सुंदर!” आयेलेन म्हणाली. “ही पिवळी कुणाची?”

सगळे अजून दिव्याकडेच बघत होते.

“पुसायला झालाय हा दिवा,” दोन्या ओबदुलिया म्हणाली.

एल्सिराने घड्याळ खिशात टाकलं. आणखी एक मोजमाप घेण्याची गरज नव्हती. निकानोर भिंतीकडे बघत होता. आपला हात तो रोज बघायचा आणि खिशात घालायचा. ही रेघ त्याच्या डोक्यापेक्षा उंच होती.

मिनिट संपलं. लोक मोबाइल खिशात टाकून पाव आणि चहाकडे वळले.

“निकानोर, उद्या सकाळच्या पहिल्या गाडीला तूच ना रे?” दोन्या ओबदुलियाने विचारलं. “मला खाली दवाखान्यात जायचंय.”

“नाही, दोन्या ओबदुलिया,” तो म्हणाला. एल्सिराच्या हातातला कप वाटेतच थांबला. “उद्यापासून दांडा मी धरणार नाही. सकाळी ऑफिसात जाऊन तसं सांगतोय.”