कुंभाराच्या नडगीतला ठोकळा

मित्रांनो, मी एक जुना ठोकळा आहे; घडवलं तेव्हा आगपेटीपेक्षा लहान आणि खडूसारखा पांढरा होतो. कॅल्शियम आणि फॉस्फेटच्या भुकटीत मेणाचे बारीक कण मिसळून मला भट्टीत भाजलं. मेण जळून गेलं, छिद्रं राहिली. पुढे कित्येक महिने मी दवाखान्याच्या कपाटात, पाकिटात पडून होतो.

मग एक कुंभार आला. मातीची गाडी उलटून त्याच्या उजव्या नडगीतलं दोन बोटं हाड गेलं होतं. चाक तो त्याच पायाने फिरवायचा. पाय गेला तर चाकही गेलं. डॉक्टरीणबाईंनी माझा एक भाऊबंद नमुना म्हणून त्याच्या हातात दिला. त्याने नखाने वाजवून पाहिलं.

"बाई, असं भोकाभोकाचं भांडं आम्ही फोडून टाकतो."

"यात पाणी भरायचं नाही हो. यात तुमचं हाड राहायला येणार आहे."

ऑपरेशनच्या वेळी त्याच्याच कमरेच्या हाडातून जाड सुईने मज्जा काढली आणि मला तिच्यात भिजवलं. तोवर मी नुसता दगड होतो. आता माझ्या छिद्राछिद्रांत जिवंत पेशी शिरल्या. मला हाडाच्या खिंडारात बसवलं आणि बाहेरून धातूच्या पट्टीचा आधार दिला. काही पेशी माझ्या भिंतींवर नवं हाड लिंपू लागल्या, काही मला कुरतडू लागल्या. मला वाईट वाटलं नाही. मला त्यासाठीच तर घडवलं होतं.

आठव्या आठवड्यात दुखणं थांबलं. कुंभाराने काठी भिंतीला टेकवली, चाकाशी बसला आणि उजवा पाय उचलला. नवं हाड अजून कच्चंच होतं; एका लाथेत आम्ही सगळे ढासळलो असतो.

दारातून त्याची बायको म्हणाली, "काल घडवलेलं ओलं मडकं आज भट्टीत घालाल का?"

"घालीन कसा? तडकेल ना."

"मग?"

त्याने पाय हळूच खाली ठेवला. "तुझ्यापेक्षा डॉक्टरीणबाई बऱ्या," तो पुटपुटला. तिने काठी पुन्हा त्याच्या हातात दिली.

दीड वर्षाने एक्स-रे काढला. डॉक्टरीणबाई तो बराच वेळ न्याहाळत होत्या.

"ठोकळा सापडतच नाही."

कुंभार दचकला. "हरवला?"

"हाड झालं त्याचं."

आज चाक फिरतंय. मी कणभरच उरलोय, पण प्रत्येक लाथेचा हादरा मला कळतो आणि बरं वाटतं. माझ्यात राहायला आलेल्या पेशींचे आणि दारातल्या त्या बाईचे माझ्यावर फार उपकार आहेत.

मित्रांनो, कधी हाड मोडलं तर दुखायचं थांबलं म्हणून लगेच काठी टाकू नका. आत कुणीतरी अजून लिंपत असतं.