टोकापासून वीतभर

“दोन्हींना सारखीच धार लावलीस ना?” शैलेंद्रने विचारलं. सकाळचे साडेआठ, उणे चौदा, आणि चार महिन्यांनी भेटलेल्या माणसाचं पहिलं वाक्य हे.

“नाही. एकीला लावली, दुसरीला लोणी फासलं.”

“चित्रा, मी सरळ विचारतोय.”

“मीही सरळच सांगतेय. दोन्हींना लावली.”

हे खरं होतं. दोन्हींना लावली होती. त्यानंतर काय केलं ते त्याने विचारलं नव्हतं.

कुंपणाला स्कींच्या दोन जोड्या टेकवून ठेवल्या होत्या. दोन्ही स्लॅलमच्या, म्हणजे खांबांमधून वळत उतरायच्या, दोन्ही एकशे पंचावन्न सेंटिमीटर. लाल जोडी तीन हिवाळे जुनी, माझ्या हातावर वाढलेली. पांढरी नवी, शैलेंद्रने टोरोंटोहून माझ्याकडे पाठवलेली. किचनरबाहेरची ही टेकडी तशी बुटकीच, पण यंत्र फिरवून उतार कॉर्डुरॉयच्या पँटसारखा बारीक रेघांचा करून ठेवला होता. निकोल, आमच्या मुलीची, ऊर्मीची, कोच, वर वीस खांब रोवत होती. ऊर्मी आलटून पालटून प्रत्येक जोडीवर तीनदा खाली येणार. जी जोडी जलद, ती दोन आठवड्यांनी प्रोव्हिन्शियल्सला, प्रांताच्या स्पर्धेला, जाणार.

लाल जिंकली तर सगळं होतं तसंच. पांढरी जिंकली, तर ठरल्याप्रमाणे ऊर्मी उत्तरेकडच्या शैलेंद्रच्या क्लबात जाणार. तिथे धारेला वेगळा टेक्निशियन. मग दर शुक्रवारी ऊर्मी बाबाच्या गाडीत बसणार आणि रविवारी रात्री परत येणार, धुवायच्या कपड्यांसकट. माझ्या वाट्याला ते कपडे.

मी दातांच्या लॅबमध्ये काम करते. दिवसभर अनोळखी लोकांच्या कवळ्या घासते. सात वर्षांपूर्वी शैलेंद्रने ऊर्मीला स्कीइंगला घातलं, कारण त्याच्या ऑफिसातल्या सगळ्यांची मुलं जात. पुढच्याच हिवाळ्यात तो घर सोडून गेला. स्की राहिल्या. त्यांना धार लावावी लागते हेही मला ठाऊक नव्हतं. लायब्ररीतून पुस्तक आणलं, लॅबमधून मोडीत निघालेली कानस आणली आणि बेसमेंटमध्ये टेबल मांडलं. लग्नात मिळालेली नागपूरची इस्त्री इथल्या एकशेदहा व्होल्टवर जेमतेम कोमट व्हायची. कपड्यांना नालायक, स्कीच्या मेणाला अगदी बरोबर. नंतर क्लबातल्या इतर आया विचारायच्या, हू डज युअर एजेस, कडांना धार कोण लावतं? ऊर्मी सांगायची, माय मॉम. त्या हसायच्या. मग तिच्या मागे राहिलेल्या मुलींच्या वेळा बघून हसायच्या बंद झाल्या.

धार तपासायची ती अंगठ्याच्या नखावर. नख कडेवरून आडवं ओढायचं. पांढरा भुगा निघाला तर धार आहे. सहा वर्षं माझ्या डाव्या अंगठ्याचं नख त्यामुळे वाढलेलंच नाही.

एक गोष्ट मात्र उलटी करायची. टोकाकडची धार रबरी दगडाने मुद्दाम मारायची, बोथट करायची, नाहीतर स्की भलत्या वेळी बर्फाला चावते. किती? टोकापासून वीतभर. जास्त नाही. ऊर्मीला मी हे अकराव्या वर्षी शिकवलं होतं.

गुरुवारी संध्याकाळी पांढऱ्या जोडीवर मी तो दगड वीतभर फिरवला. थांबले. मग तसाच पुढे बुटाच्या जागेपर्यंत नेला. चारही कडांवर. हात चुकून एकदा घसरतो, चारदा नाही.

वरून निकोलने हात खाली टाकला. ऊर्मी लालवर निघाली. सुरी पुठ्ठ्यातून जावी तसा आवाज खालपर्यंत येत होता.

“एकतीस पॉइंट सहा,” शैलेंद्रने स्टॉपवॉच बघून वहीत लिहिलं. त्याने रकाने आखून आणले होते.

मग पांढरी. आवाज वेगळा, खरवडल्यासारखा.

“बत्तीस पॉइंट तीन.” त्याने घड्याळ हलवून बघितलं. “पायाची सवय व्हायची असेल. नॅशनल टीमची पोरं वापरतात ही जोडी.”

“मग त्यांनाच बोलव.”

“तुला आनंद झालाय.”

“थंडीने दात दिसतायत माझे.”

दुसऱ्या फेरीला पांढरी आधी. अकराव्या खांबाशी ऊर्मी वळायला झुकली आणि खालची स्की सुटली. ती मांडीवर आपटली. घसरत जाळीच्या दिशेने गेली, हात टेकून कशीबशी उठली आणि तशीच खाली आली. मी ओरडले असणार, कारण शैलेंद्र माझ्याकडे बघत होता. सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. मी मफलर नीट केला.

“तुझ्या त्या बेसमेंटमध्ये गेली, तिथेच वाट लागली हिची!” तो म्हणाला.

आमच्या अख्ख्या संसारात इतकं अचूक तो कधी बोलला नव्हता.

“बाबा, स्टॉप.” ऊर्मीने स्की काढल्या, हातमोजा दातांनी ओढला आणि बर्फातच बसली. पांढरीच्या मागच्या भागावर नख ओढलं. भुगा. बुटाच्या पुढे ओढलं. काही नाही. दुसरी स्की घेतली. तिथेही काही नाही. मग लाल घेतली, त्याच जागी. भुगा.

तिने माझ्याकडे बघितलं. सतरा वर्षांची मुलगी आईकडे असं बघते तेव्हा आपण वय विसरतो, आपलंही.

“काय झालं?” शैलेंद्रने विचारलं.

“एज ठीक नाहीये. फाइल करायला लागेल. ट्वेंटी मिनिट्स.”

“कोणी केलं हे?”

“फॅक्टरीतून येतात कधीकधी अशा,” ती म्हणाली. खोटं बोलताना तिचं मराठी फार शुद्ध होतं.

टेकडीच्या वर्कशॉपमध्ये माझी पेटी होती. मी कानस उचलली.

“डोन्ट टच इट.”

मी खाली ठेवली. तिने स्की टेबलावर आवळली आणि कामाला लागली. पाठीला माझ्यासारखाच बाक, कानस ओढून झाली की फुंकर, तीही माझीच.

“आय कुड हॅव रेक्ड माय नी.”

“माहितीये.”

“नाही माहीत. तू वर नव्हतीस.” कानस थांबली नाही. “एवढं काय होतं गं? मी फक्त वीकेंडला जाणार होते. इट्स नॉट लाइक आय वॉज डायिंग.”

उत्तर तयार होतं माझ्याकडे. सहा वर्षांचं, मुद्देसूद. पण टेबलावरचा लोखंडाचा चुरा बघितला आणि ते बोलण्यासारखं राहिलं नाही.

“चुकले मी,” म्हणाले.

“येस. यू डिड.”

चारही कडा झाल्या. तिने नख ओढलं, भुगा बघितला. रबरी दगड घेतला. टोकापाशी आपला हात ताणून ठेवला आणि अडली. तिची वीत आता माझ्याहून दोन बोटं मोठी झाली होती.

“हात ठेव,” ती माझ्याकडे न बघता म्हणाली.

मी अंगठा टोकाला लावला आणि बोटं ताणली. तिने माझ्या करंगळीशी मार्करने रेघ मारली.

“ओके. काढ आता.”

बाहेर आलो तेव्हा ती वर जायच्या रांगेत गेली. मी शैलेंद्रजवळ जाऊन उभी राहिले.

“फॅक्टरीतून नव्हतं आलं. मी धार मारली होती. मुद्दाम.”

तो ओरडेल असं वाटलं होतं. त्याला ओरडायला आवडतं. पण गळ्यातलं स्टॉपवॉच काढून त्याने माझ्या हातात कोंबलं.

“आता तूच धर. बघू तरी, आकडा खरा सांगता येतो का तुला.”

आणि वही घेऊन पाठ फिरवली.

निकोलचा हात खाली आला. मी बटण दाबलं. ऊर्मी पांढरीवर आली. आवाज आधी कळला. तोच, सुरीचा. पण एका वळणातून दुसऱ्यात जाताना मध्ये जी किंचित उसंत लालवर ऐकू यायची, ती यात नव्हतीच. अकरावा खांब कधी मागे पडला समजलं नाही. ती रेघ ओलांडून गेली आणि माझा अंगठा आपोआप खाली गेला.

घड्याळ फक्त मलाच दिसत होतं.

“तीस पॉइंट आठ,” मी म्हणाले.

त्याने लिहिलं.

उरलेल्या फेऱ्याही मीच मोजल्या. लाल एकतीस पॉइंट पाच, पांढरी तीस पॉइंट सात. शेवटची लाल एकतीस पॉइंट सहा. शैलेंद्रने सरासरी काढायला घेतली. कोणी थांबलं नाही त्यासाठी. ऊर्मीने पांढरी जोडी पट्ट्याने बांधून त्याच्या गाडीत ठेवली. मग परत आली आणि माझ्या पेटीतून रबरी दगड उचलून खिशात टाकला. “हा मी नेते,” एवढंच. लाल जोडी मी घरी आणली, मेण लावलं आणि भिंतीला टांगली.

प्रोव्हिन्शियल्सला ती सातवी आली. फोनवर आकडा सांगितला आणि तिथलं तापमान.

“तिथला टेक्निशियन टोक किती मारतो?” मी विचारलं.

“फिफ्टीन सेंटिमीटर्स. ही हॅज अ रूलर.”

“बरं आहे की.”

“हं,” ती म्हणाली. फोन मात्र लगेच ठेवला नाही.

मार्चमध्ये लॅबवर रबरी हातमोजा चढवताना तो डाव्या अंगठ्याशी टरकन फाटला. मी हात दिव्याखाली धरला. नख चांगलं वाढलं होतं, अर्धगोल, पांढऱ्या कडेचं. पर्समध्ये नेलकटर असतं का माझ्या, मला आठवेना. मी खोक्यातून दुसरा हातमोजा काढला, तो हळू चढवला, आणि पुढची कवळी घासायला घेतली.