हौसाचे बोलणे

१२ नोव्हेंबर १९६७. भाजे गावच्या बालवाडीतली मुले घरी गेल्यावर मी उद्याच्या खिचडीचे तांदूळ निवडत बसले होते. सुपात दाणे सरकत आणि मला हौसाचा आवाज ऐकू येई: कोरडा, अखंड, खडा काय नि दाणा काय, सारख्याच निष्ठेने पुढे लोटणारा.

मुळात ती फार अबोल. डोंगरालगतच्या ठाकरवाडीतली, कापणीच्या उन्हात तिच्या पावलांचाही आवाज होत नसे. तिची सगुणा तीन वर्षांची झाली तरी बोलेना, तेव्हा समाजकार्य शिकून आलेली मी निदान करून मोकळी झाले. “तू घुमी, म्हणून पोर मुकी. तिच्याशी बोलत जा.”

“काय बोलू, बाई?”

“दिसेल ते.”

त्या दिवसापासून ती लेकीला चूल सांगू लागली, लोंबी सांगू लागली, धुके सांगू लागली. बांधावर, मजुरीवर, पाणवठ्याच्या वाटेवर, घसा बसेपर्यंत. बाया हसत, “हौसे, रेडिओ गिळलास का गं?”

“म्या गप ऱ्हायले, म्हून पोरीचं वाटुळं झालं,” ती म्हणे. माझे वाक्य तिने निखाऱ्यासारखे पदरात बांधून घेतले होते.

वर्ष असे गेले. त्या १२ नोव्हेंबरला सकाळी डॉक्टर बालवाडीत मुले तपासायला आले. त्यांनी सगुणाच्या पाठीमागे थाळी वाजवली. शेजारचे पोर दचकले. ती भिंतीवरचे ऊन पाहत राहिली. “तान्हेपणीच्या तापात कानाची नस गेली असावी,” डॉक्टर म्हणाले. “आईच्या बोलण्याचा काय संबंध?”

थाळी बालवाडीच्याच चुलीजवळची. वर्षभर मीच ती मांडत होते, उचलत होते. माझ्या शिक्षणात घर होते, गरिबी होती, मन होते. कानातून मेंदूकडे जाणारी नस कुठेच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीवर गेले. धुक्यातून तिच्याआधी तिचे बोलणे आले. मी सगळे सांगितले. चूक माझी, हेही.

“मंजी, म्या गप व्हते म्हून न्हाई?”

“नाही.”

“लय बोलाय लावलंत, बाई,” ती म्हणाली, आणि थांबली. सगुणाने मान वर केली, आईचे मिटलेले ओठ पाहिले आणि त्यांवर बोट ठेवले. त्या शांततेत वर्षभराचे हौसाचे बोलणे मला एकदम ऐकू आले.