समोरची गादी

मनगटावरचं घड्याळ थरथरलं तसे बसवंतअण्णा लोडावर हात टेकून उठले. आधी एक गुडघा, मग दुसरा, मग तोंडातून एक लांबलचक "शिवशिव". उभे राहिल्यावर त्यांनी भिंतीवरच्या कागदावर पेन्सिलीने एक रेघ ओढली आणि मोठी बाजी मारल्यासारखं धोतर झाडत इकडेतिकडे पाहिलं.

कागद सुनेने चिकटवलेला. अंजू फिजिओथेरपी शिकलेली. डॉक्टरांनी साखरेचा आकडा सांगितल्यापासून ती सासऱ्यांच्या बसण्यामागे हात धुऊन लागली होती. उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, अडत दुकानाच्या गादीवर सकाळी बसलेला माणूस रात्री घरी जायलाच काय तो हलतो, हे तिला बघवेना. तिने पाण्याचा माठ पार मागच्या गोदामात नेऊन ठेवला. फोन खुंटीवरच्या पिशवीत टाकला, वाजला की उठा. आणि हे दर तासाला थरथरणारं घड्याळ.

"मामा, नुसतं दोन मिनिटं उभं राहायचं. दिवसाला आठ रेघा झाल्या पाहिजेत."

"गादीचा मालक सारखा उठाय लागला तर लोक हसतील की, बाई."

"हसू द्या. हसणारेसुद्धा बसूनच हसतात."

पहिले दोन दिवस अण्णा लाजून गोदामाकडे तोंड करून उभे राहिले. आज मात्र गोदामातून मिरचीच्या पोत्यांचा ठसका येत होता, म्हणून ते रस्त्याकडे वळले. रस्त्यापलीकडे मल्लिनाथचं दुकान होतं.

मल्लिनाथ त्यांचा सख्खा धाकटा भाऊ. सात वर्षांपूर्वी तो वेगळा झाला, समोरचाच गाळा घेतला आणि मुहूर्ताचं आमंत्रण द्यायला आला. मोंढ्यात कुणासाठी गादीवरून उठणं म्हणजे त्याला मान देणं. अण्णा उठले नाहीत, त्यांनी मान वर करूनही पाहिलं नाही. मल्लिनाथ पाया पडला आणि आला तसा परत गेला. तेव्हापासून बारा पावलांच्या रस्त्याच्या दोन बाजूंना दोन गाद्या होत्या, आणि बोलणं बंद.

आज अण्णा उभे राहिले आणि समोर मल्लिनाथने पाहिलं. क्षणभर तो गोंधळला. मग तोही उठला.

अण्णांच्या ध्यानात आलं. थोरला उभा असताना धाकट्याने बसायचं नाही, ही त्यांच्या बापाची शिस्त. सात वर्षांत विसरला नाही लेकाचा! ते बसले, तसा तोही बसला.

अकराला घड्याळ थरथरलं. अण्णा उठले. मल्लिनाथ उठला.

आता अण्णांना धीर निघेना. समोर तुरीचा सौदा चालला होता, पण त्यांचा जीव घड्याळात. साडेअकराला, काही थरथरलेलं नसताना, उगाच उठून पाहिलं. मल्लिनाथ उठला! अण्णांना इतका आनंद झाला की ते गोदामात जाऊन दोन तांबे पाणी प्यायले. लगेच परत येऊन पुन्हा उभे. लहानपणी पतंगाला ढील देताना बोटांना जी ओढ लागायची, तशीच ओढ पलीकडून लागत होती. तो आपल्याला मानतो, अजूनही मानतो, हे त्यांना गल्लीभर ओरडून सांगावंसं वाटलं.

दुपारी अंजू डबा घेऊन आली तर कागदावर आजच्या तेरा रेघा.

"मामा! तेरा?"

"आज लई मजा यायलीय, बाई. थांब, तुला दाखवतो." अण्णा ऐटीत उठले. "बघ समोर."

अंजूने पाहिलं आणि तिचं हसू मावळलं. मल्लिनाथ एका हाताने वजनकाटा धरून, ओठ दाबून, उठत होता.

"काकांचा गुडघा सुजलाय, मामा. गेल्या आठवड्यात काकूंनी मला बोलावलं होतं. तुम्ही रागवाल म्हणून बोलले नाही. सूज उतरेपर्यंत त्यांना उठबस कमी करायला सांगितलंय मी."

अण्णांनी कागदाकडे पाहिलं. तेरा रेघा. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि लाजेच्या आत आनंद तसाच उसळत होता. तेरा वेळा उठला, असल्या गुडघ्याने!

ते खाली बसले असते तर तोही बसला असता. पण मल्लिनाथ समोर उभा असताना त्याच्या देखत गादीवर टेकणं आज त्यांना जमेना. त्यांनी चपला पायात सरकवल्या आणि पोत्यांच्या हातगाड्यांमधून वाट काढत रस्ता ओलांडला.

मल्लिनाथच्या दुकानातल्या लोकांनी बाजूला सरून वाट दिली.

"बस," अण्णा म्हणाले.

मल्लिनाथच्या कपाळावर घाम होता. "तुम्ही उभे, अन् मी कसा बसू?"

"अरे, बस म्हणायलो ना."

"न्हाई, अण्णा."

बापाचा हट्ट दोघांत सारखाच उतरला होता. त्या गादीला कधी पाय लावणार नाही, असं अण्णा चार लोकांत बोलून बसले होते. त्यांनी चपला काढल्या, गादीवर चढले आणि मांडी घालून बसले.

मग मल्लिनाथ त्यांच्या खांद्याचा आधार घेत हळूहळू शेजारी टेकला. पाय लांब करताना तो कण्हला. खांद्यावरचा हात त्याने काढला नाही.

"अण्णा," तो म्हणाला, "आता घटकाभर उठू नका."