सुलतानला कळणारे शब्द

तिला हिंदी शिकायची होती ती कुत्र्याशी बोलायला. पण शेजारच्या बाईंना तिने तसं सांगितलं नव्हतं. शिवणाच्या गिऱ्हाइकांशी बोलता यावं, एवढंच ती म्हणाली होती.

मागच्या खेपेला ती पळाली, तेव्हा नवऱ्याने तिला जिन्यात गाठून केस धरून ओढत वर आणलं होतं. त्यानंतर चारच दिवसांत सुलतान घरात आला. काळाकुळकुळीत, रुंद छातीचा. त्याला तयार करणारा माणूस हिंदी बोलणारा. ‘बाजूला हो’ म्हटलं तर सुलतान नुसता बघत राही. नवऱ्याने ‘पकड़’ म्हटलं की कुशनच्या चिंध्या करी.

“कुलूप कशाला लावू?” नवरा कामावर जाताना हसायचा. “सुलतान आहे की!”

दार नुसतं लोटलेलं असायचं. पलीकडे जिना होता आणि तीन गल्ल्या टाकून बहिणीचं घर. पण तिने ‘बैठ’ म्हणून पाहिलं, तर सुलतानने दात दाखवले.

बाई शाळेत हिंदी शिकवून निवृत्त झालेल्या. दोघींच्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या एकाच बोळात, समोरासमोर. भाजी चिरता चिरता शिकवणी चाले.

“बाई, मला आधी हुकूम द्यायला शिकवा ना.”

“मोठी आली हुकूम सोडणारी! आधी करना, किया, करेगा. घोकलंस का?”

“घोकलं.”

“मग भूतकाळाची पाच वाक्यं सांग. पुस्तकातली नकोत, तुझी.”

तिने विळी बाजूला सारली आणि हळू आवाजात सांगितलं, “उसने दरवाज़ा बंद किया. उसने मेरे बाल पकड़े. उसने मेरा सिर मशीन पर मारा. मैं गिरी. उसने फिर मारा.”

बाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. वाक्यं बिनचूक होती.

“पोलिसांत जाऊ या का गं?”

“आले होते ते. चहा पिऊन गेले.”

बाईंनी पुस्तक मिटलं. “आजपासून हुकूम. बैठिए, रुकिए—”

“अहो बाई, कुत्र्याला काय बैठिए म्हणू?”

बाईंना तेव्हा सगळा उलगडा झाला. दोघी तोंडाला पदर लावून हसल्या, हसता हसता बाईंचे डोळे भरले. “मग ऐक. तू बोलतेस ते विनवल्यासारखं. हुकूम पोटातून यायला हवा. आणि सगळे शीक. धरायला लावता आलं, तर सोडायला लावताही यायला हवं.”

दुपारच्या दुपारी तिने घसा कोरडा केला. सुलतान आधी गुरगुरायचा, मग कान टवकारायला लागला. एक दिवस ‘बैठ’ म्हणताच बसला. तिने जुनं पोतं फेकलं. ‘पकड़.’ धरलं. ‘छोड़.’ सोडलं. ‘हट.’ बाजूला झाला. उद्या निघायचं ठरलं. त्या संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना तिची वात दोनदा विझली.

तेवढ्यात नवरा आला, रोजच्या वेळेआधी. मशीनखालचं गाठोडं त्याने पायानेच उलटलं.

“कुठं निघाली होती स्वारी?”

पहिल्या ठोशाने तिचा ओठ फाटला. दुसऱ्याने ती मशीनवर आदळली, सुई दंडात घुसून मोडली. त्याने केस मुठीत धरून तिला फरशीवर आपटलं आणि मागे सरून ओरडला, “सुलतान, पकड़!”

सुलतान झेपावला.

“रुक!” तोंडात रक्त होतं, तरी शब्द पोटातून आला. कुत्रा जागच्या जागी थांबला.

नवरा बघतच राहिला. मग त्याने बुटाची लाथ सुलतानच्या पोटात घातली. “कुणाचं खातोस रे? माझं की हिचं?” दुसरी लाथ उचलायच्या आत सुलतानने त्याचं मनगट धरलं. काहीतरी कडकन मोडलं.

“सोड! अरे, सोड!” तो गुडघ्यांवर आला. सोडायला लावायचा शब्द त्याने कधी ध्यानात ठेवलाच नव्हता. “अगं, सांग ना त्याला! पाया पडतो तुझ्या!”

शब्द तिच्या जिभेवर होता. ती भिंत धरून उठली. उधळलेले कपडे गोळा केले, कात्री घेतली, गाठोडं बांधलं. सुलतान मान झटकत होता, फरशीवर रक्ताचे फराटे उठत होते. रोज वाटेतली मुंगीसुद्धा चुकवून चालणारी ती, चपला घालेपर्यंत गप्प राहिली. ह्या गप्प राहण्याचा जाब उद्या दिव्यापुढे द्यावा लागणार, हे तिला ठाऊक होतं. आणखी जड जाब तिला नको होता.

“छोड़,” ती म्हणाली.

हात सुटला. नवरा कण्हत दाराकडे सरपटू लागला.

“बैठ.”

सुलतान उंबऱ्यावर बसला, तोंड नवऱ्याकडे करून. नवरा जिथल्या तिथे थिजला.

ती सुलतानच्या बाजूने बाहेर पडली. बाई आपल्या दारात उभ्या होत्या.

“डॉक्टरांना बोलवा,” ती म्हणाली. “आणि जो कुणी येईल त्याला ‘हट’ म्हणायला शिकवून मग आत पाठवा.”

तिने दार नुसतं लोटलं. कुलूप कशाला? सुलतान होता की.