आ करून ऐकलेलं गाणं

दातांच्या डॉक्टरांनी तिसऱ्यांदा शर्ट बदलला तेव्हा बायको म्हणाली, "अहो, गाणार ती बाई आहे. तुम्हाला नुसतं बटण दाबायचंय."

"नुसतं बटण म्हणे! आधी चार शब्द बोलावे लागतात. आणि अध्यक्ष समोर बसलेले असतात."

"मग निळाच घाला. त्यात तुम्ही जरा तरी ऐकून घेण्यासारखे दिसता."

आज श्रोता मंडळाची वर्षातली शेवटची बैठक होती. वाचनालयाच्या वरच्या खोलीत मंडळ दर महिन्याला जमे आणि शेवटच्या बैठकीत कुणी एक सभासद आपलं वर्षभरातलं सगळ्यात लाडकं ऐकणं सगळ्यांना ऐकवी. हा मान डॉक्टरांच्या वाट्याला कधी आला नव्हता. सभासद जुने, पण त्यांचं काम खुर्च्या मांडणं आणि स्पीकरच्या वायरी जोडणं. चुकून मत द्यायला गेले की अध्यक्ष म्हणत, "डॉक्टर, तोंड आम्ही उघडायचं, तुम्ही आत बघायचं." अध्यक्ष म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, त्यांनी मान डोलावली की बाकीच्या माना आपोआप डोलत. यंदा पाळी खरं तर चष्म्याच्या दुकानदाराची होती, पण तो लेकीच्या बाळंतपणाला गेला आणि पाळी डॉक्टरांच्या अंगावर पडली.

आणि यंदाच डॉक्टरांना ती बाई सापडली होती. साठीची, कुणालाच माहीत नसलेली, सोबतीला एकटं व्हायोलिन. सगळी मिळून पाच गाणी. आवाज किंचित घोगरा. झोपलेल्या माणसावर पांघरूण घालावं तसा ती सूर लावायची. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा डॉक्टर गाडी बंद करून गॅरेजातच बसून राहिले होते. बायकोला वाटलं, चक्कर आली.

तेव्हापासून दवाखान्यात दुसरं काही वाजलं नाही. पेशंट खुर्चीत बसला, खुर्ची मागे कलली, दिवा तोंडावर आला, की हातमोजे चढवायच्या आधी डॉक्टर गाणं लावत. दर पेशंटला पहिल्यापासून. मधूनच कुठून तरी लावणं त्यांना बाईंचा अपमान वाटे. "पेशंटना फार शांत वाटतं," असं ते सगळ्यांना सांगत. पेशंटनी कधी उलट काही सांगितलं नव्हतं. त्यांच्या तोंडात कापूस असे.

काउंटरवरच्या मावशींनी दुपारी एकदा सुचवून पाहिलं होतं. "डॉक्टर, मंडळात दुसरं काहीतरी लावा ना."

"का? तुम्हाला नाही आवडत?"

"मला काय होतंय? मी काचेच्या अलीकडे असते."

डॉक्टरांनी ते मनावर घेतलं नाही.

खोली भरली होती. गल्लीतला एकुलता एक दातांचा डॉक्टर असल्यामुळे त्यातला जवळजवळ प्रत्येक जबडा त्यांच्या ओळखीचा होता. पाठ केलेल्या चार शब्दांपैकी दोन ऐन वेळी पळाले. डॉक्टर एवढंच म्हणाले, "या बाईंनी माझं वर्ष चांगलं नेलं. तुमचंही जरा... ऐका." आणि त्यांनी बटण दाबलं.

व्हायोलिन सुरू झालं. पहिल्या रांगेतल्या ग्रंथपाल बाईंनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले. बेकरीवाल्याचं तोंड हळूहळू उघडलं.

दंग झाला, डॉक्टरांना वाटलं. त्यांना भरून आलं.

मग बाईंचा आवाज लागला आणि बेकरीवाल्याची मान मागे जाऊ लागली. खुर्ची साधी लाकडी होती, तरी ती कुणीतरी मागे कलवत असल्यासारखी. शेजारच्या शिंप्याने गाल हाताने झाकला. मागे कुणीतरी जीभ फिरवून एक दाढ चाचपत होतं. डॉक्टर पाहत राहिले. ही सगळी तोंडं त्यांनी वर्षभर अशीच पाहिली होती, फक्त वरून.

"डॉक्टर, बंद करा हो!" ग्रंथपाल बाई ओरडल्या. "पाया पडते तुमच्या!"

डॉक्टरांनी बंद केलं.

"सुंदर असेल, मी नाही म्हणत नाही," त्या घाम पुसत म्हणाल्या, "पण हे लागलं की आता सुई येणार, एवढंच कळतं मला."

"माझी दाढ बुजवून सहा महिने झाले," शिंपी म्हणाला, "आत्ता ठणकायला लागली बघा."

बेकरीवाल्याने मान सरळ केली. "परवा तुमच्या खिडकीखालून जात होतो. वरून हे ऐकू आलं. भर रस्त्यात आ केला मी! दोन पोरी हसत गेल्या."

खोली हसून लोळली. सगळ्यात मागे बायकोने पदर तोंडावर धरला होता, पण तिचे खांदे काही ऐकत नव्हते.

डॉक्टरही हसले, कानापर्यंत लाल होऊन. आपलं हसं झालं त्याचं त्यांना फारसं काही वाटलं नाही. ते मंडळात सवयीचं होतं. पण त्या बाईंनी यांचं काय वाकडं केलं होतं? ज्या आवाजावर आपण जीव टाकला, त्याचीच आपण आपल्या हातांनी सगळ्या गल्लीला धडकी भरवली. आता या माणसांना ती कधीच ऐकू येणार नाही. त्यांनी मुकाट्याने वायरी गुंडाळायला घेतल्या.

"एवढं पुढे गातात तरी काय त्या?" बेकरीवाल्याने समजूत काढल्यासारखं विचारलं. "मी तर दुसऱ्या गाण्यातच सुटतो."

"मी तिसऱ्यापर्यंत होते," ग्रंथपाल बाई म्हणाल्या. "रूट कॅनाल."

डॉक्टरांचे हात थांबले. तिसरं संपेपर्यंत पेशंट चूळ भरून उठलेला असे, आणि पुढच्यासाठी गाणं परत पहिल्यापासून.

"पाचवं ऐकलंय कुणी?" त्यांनी विचारलं. ग्रंथपाल बाईंनी मान हलवली, शिंप्यानेही. "मग बसा पाच मिनिटं. सुई नाही, शप्पथ."

त्यांनी वायरी पुन्हा जोडल्या आणि पाचवं लावलं.

या गाण्यात व्हायोलिन आधी येतच नाही. बाई एकट्याच सुरू करतात, अगदी खाली, घरात कुणी झोपलंय म्हणून हळू बोलावं तशा. ग्रंथपाल बाईंची बोटं खुर्चीवरून सुटली. शिंप्याचा हात गालावरून मांडीवर आला. बेकरीवाल्याने तोंड मिटलं आणि ते मिटलेलंच राहिलं. मिटलेल्या तोंडांचा एवढा आनंद डॉक्टरांना जन्मात झाला नव्हता.

तेवढ्यात त्यांचं लक्ष अध्यक्षांकडे गेलं. डोळे घट्ट मिटलेले, गालावर हात, कपाळावर घाम. अध्यक्षांची अक्कलदाढ! आडवी होती मेली. पाचही गाणी होऊन पुन्हा पहिलं सुरू झालं तेव्हा कुठे निघाली होती. ते बटणाकडे धावले.

अध्यक्षांनी डोळे न उघडताच दुसरा हात वर केला. "राहू द्या."

"सर, पण तुम्हाला..."

"दुखतंय. पण राहू द्या. ऐकायचंय."

गाणं संपल्यावर अध्यक्षांनी गालावरचा हात काढला. "डॉक्टर, बाई थोर आहेत. त्यांना दवाखान्यातून सोडवा. इथे आणत जा."

"मग दवाखान्यात काय लावू?"

आपलं आवडतं गाणं त्या खुर्चीच्या तोंडी द्यायला कुणी तयार होईना. शिंप्याने छताकडे पाहिलं.

"असं करा," ग्रंथपाल बाई पर्समधला फोन काढत म्हणाल्या, "आमच्या थोरल्या जाऊबाई गातात. देऊ?"