कोरडा बेडपॅन

नाक धरायची घाई करू नका, मित्रांनो. आत्ताच मला स्वच्छ धुतलंय. मी एक जुना बेडपॅन आहे. ज्याला अंथरुणातून उठता येत नाही त्याच्या कमरेखाली मला सरकवतात, आणि पुढचं काम काय ते तुम्हाला ठाऊक आहे. हसलात ना? हसा. माझं नाव काढलं की लहान मुलं हसतात आणि मोठी माणसं तोंड वाकडं करतात. आयुष्यभर सगळ्यांनी माझी किळस केली. आज मात्र मी सांगणार आहे ती मला आलेल्या किळसेची गोष्ट.

माझा जन्म एका भांड्यांच्या कारखान्यात झाला. मी स्टीलचा सपाट पत्रा होतो. यंत्राने एका दणक्यात मला खोलगट केलं. मग एका म्हाताऱ्या कारागिराने माझी कड घासली आणि तिच्यावरून सावकाश अंगठा फिरवला. मला वाटेला लावण्याआधी त्याने तीनदा तपासलं, कारण ही कड कुणाच्या तरी नाजूक कातडीला लागणार हे त्याला माहीत होतं. तिथून मी एका इस्पितळात गेलो. बायकांच्या वॉर्डात बावीस वर्षं काढली. तिथल्या आयाबाई मला खसाखसा घासत, थंडीत आधी कोमट पाण्याने विसळत आणि मगच रुग्णाकडे नेत. त्यांच्या हातांना माझी घाण वाटत नसे. मग हलके, रंगीत, प्लास्टिकचे बेडपॅन आले आणि आम्हा जुन्यांचा ढीग एका दुकानाच्या तळकप्प्यात जाऊन पडला. तिथून एका सद्गृहस्थाने मला उचललं. उचललं म्हणजे काय, दोन बोटांच्या चिमटीत धरलं.

या सद्गृहस्थाच्या आईला अर्धांगवायू झाला होता. उजवा हात आणि उजवा पाय पार लुळा. घरात सगळे त्यांना आजी म्हणत. आजींनी तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली होती. कामाच्या वेळात जागा सोडून उठायची सोय नसे, म्हणून त्या बेताचंच पाणी पीत. आपल्यामुळे कुणाचा खोळंबा होऊ नये, ही त्यांची जन्माची खोड. बोलणं आता जरा जड झालं होतं, पण डोकं शाबूत होतं. मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांनी शरमेने डोळे मिटून घेतले. मी त्यांना कधी दुखवलं नाही, एवढंच माझ्या हातात होतं.

मुलगा आणि सून दोघं नोकरीला जाणारी. तेव्हा चोवीस तासांची बाई ठेवायची ठरली. यात चुकीचं काहीच नव्हतं. पुढे झालं त्याने मात्र माझ्या अंगावर काटा आला.

मुलाने लॅपटॉपवर एक तक्ता केला. राहणीमान, बोलणं, स्वच्छता, हाताखालची मदत, मोबाईलचा वापर, प्रत्येकाला दहापैकी गुण. आजींची परगावी राहणारी मुलगी व्हिडिओ कॉलवर बसणार होती, म्हणून फोन बिस्किटांच्या डब्याला टेकवून उभा केला. सुनेने घरभर सुगंधी फवारा मारला. आजींच्या खोलीचं दार लावून घेतलं, "त्यांना कशाला उगीच दमवायचं?" आणि मी? मला वॉशिंग मशीनच्या मागे सारून वर फरशी पुसायचं फडकं टाकलं. आलेली बाई मला पाहून पळून जाईल अशी त्यांना भीती वाटली. ज्या कामासाठी माणूस शोधायचा तेच काम लपवून ठेवायचं! अशी निवड मी कुठे पाहिली नव्हती.

पहिल्या दोघी आल्या तशा गेल्या. तिसरी आली ती घोगऱ्या आवाजाची, जाडजूड, चपला वाजवत येणारी. तिला आपण घोगरी म्हणू. बसल्या बसल्या तिने विचारलं, "आजी कुठायत? आधी त्यांना बघते."

"त्या झोपल्यात," सून म्हणाली. आजी टक्क जाग्या होत्या.

"बरं. मग सांगा, बेडपॅन आहे का डायपर? दिवसातून किती वेळा होते? पाणी किती पितात? लघवीचा रंग कसा असतो?"

सुनेने कप खाली ठेवला. "हे सगळं नंतर बघता येईल ना."

"नंतर काय बघायचं, बाई? कामच ते आहे," घोगरी हसून म्हणाली. "भांडं तरी दाखवा. कसं घासून ठेवता ते बघू."

"ते... धुवायला टाकलंय," मुलगा पुटपुटला.

फडक्याखाली मला आनंदाने वाजावंसं वाटत होतं. इतक्या वर्षांनी कुणीतरी माझी विचारपूस केली होती! पण ती जिना उतरते न उतरते तोच फोनमधून मुलगी किंचाळली, "शी! चहा पिताना लघवीचा रंग? पाहुण्यांसमोर असं काही बोलली तर तोंड लपवायची वेळ येईल." घोगरीला दहापैकी दोन मिळाले.

चौथी आली ती परीटघडीच्या कपड्यांत. केसांना नीट क्लिपा, पर्समध्ये हात धुवायची स्वतःची बाटली, आवाज साखरेत घोळलेला. हिला परीटघडीच म्हणू. तिने आजींविषयी एक प्रश्न विचारला नाही आणि यांनीही आपणहून काही सांगितलं नाही. तिने फक्त एवढंच म्हटलं, "मॅडम, तुम्ही निश्चिंत कामावर जा. घरात वास येणार नाही, ही माझी गॅरंटी."

सगळ्यांचे चेहरे खुलले. साडेनऊ गुण! आजींना कुणी विचारलंच नाही.

पहिले दोन दिवस माझं काम पूर्वीसारखं, पाच-सहा वेळा चाललं. तिसऱ्या दिवशी तीनदा. मग दोनदा. मग दिवसभरात एकदाच. मला वाटलं, आजींना बरं वाटतंय बहुतेक. मग मी पाहिलं. परीटघडीने पाण्याचा तांब्या पलंगाच्या उजवीकडच्या स्टुलावर ठेवला होता. आजींचा उजवा हात लुळा होता, हे तुम्ही विसरला नसाल. तीही विसरली नव्हती.

आजींनी पाणी मागितलं की ती गोड आवाजात म्हणे, "आत्ताच तर बसवलं होतं ना, आजी? आणखी प्यालात की पुन्हा उठाठेव. सूनबाई दमून येतात. खोलीत वास आला तर त्यांना कसं वाटेल?"

ती कधी ओरडली नाही, कधी चिमटा काढला नाही. ओरडली असती तर बरं, शेजारी तरी धावून आले असते. आजींना ते पटलं, याचंच मला जास्त वाईट वाटलं. जन्मभर कुणाचा खोळंबा न केलेली ती बाई ओठांवरून जीभ फिरवी आणि म्हणे, "राहू दे मग. नको."

संध्याकाळी मुलगा आणि सून यायची. दारातच छाती भरून श्वास घ्यायची. "अजिबात वास नाही!" सून शेजारणीला बोलावून आणून खोली दाखवायची. एकदा मुलाने मला उजेडात धरलं आणि म्हणाला, "बघ, अगदी आरशासारखा चकाकतोय." मित्रांनो, त्या घरात पहिल्यांदाच कुणी माझं कौतुक केलं आणि मला ओकारी आली. विष्ठेची मला कधीच घाण वाटली नव्हती. ती माणसाच्या पोटातून येते आणि पाण्याने जाते. पण आईचे ओठ भेगाळलेत हे न बघता माझ्यात स्वतःचा चेहरा न्याहाळणारा तो मुलगा, त्याची मला शिसारी आली.

नवव्या दिवशी संध्याकाळी आजींची धाकटी बहीण आली. मावशी. ती पाळणाघर चालवते आणि तिचा आवाज चार घरं ऐकू जातो. निवडीच्या दिवशी तिला मुद्दामच बोलावलं नव्हतं. ती पलंगावर बसली, ताईचा हात हातात घेतला आणि हाताच्या मागच्या बाजूची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली, अंगातलं पाणी आटल्यासारखी.

"सकाळपासून लघवी किती वेळा झाली?"

"एकदा," परीटघडी म्हणाली.

"आणि काल?"

"कालही एकदाच. आजी फार गुणी आहेत."

मावशीने माझं झाकण काढलं आणि सरळ आत वाकून पाहिलं. तळाशी जेमतेम चमचाभर, काळसर. मावशीने नाकाला पदर लावला नाही. तिने आधी डॉक्टरांना फोन केला आणि मग भाच्याला समोर उभं केलं.

"गुणी? अरे, माझ्याकडे वीस पोरं आहेत. एखाद्याचा लंगोट चार तास कोरडा राहिला तर मी त्याच्या आईला कामावरून बोलावून घेते. आठवडाभर तुझी आई सुकतेय आणि तू टाळ्या वाजवतोयस?"

डॉक्टरांनी सलाईन लावलं. आणखी दोन दिवस गेले असते तर मूत्रपिंडं निकामी झाली असती, असं ते म्हणाले. मुलगा परीटघडीच्या अंगावर धावून गेला. तिने शांतपणे बॅग भरली.

"साहेब, तुम्हाला वास नको होता. मी दिलेला शब्द पाळला. मी इथे असताना आई पाणी किती प्यायल्या, हे तुम्ही एकदा तरी विचारलंत का?"

ती गेली. मला वाटलं, सुटलो. कसला सुटतोय!

सलाईन संपल्यावर मावशीने पेला पुढे केला. आजींनी मान फिरवली.

"नको. पुन्हा बसवावं लागेल."

"मग बसवू की."

"कोण बसवणार?"

मावशीला पाळणाघर उघडायला परत जायचं होतं. घोगरीला फोन करून पाहिला, तर तिला दुसरं घर मिळालं होतं. सुनेने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने तक्त्याच्या लॅपटॉपकडे पाहिलं. आजींचे सुकलेले ओठ घट्ट मिटलेले. बाई गेली होती, पण तिने शिकवलेली लाज पलंगावरच बसून होती. आता आजी पाणी पिणार की नाही, हे एकाच गोष्टीवर येऊन ठेपलं होतं.

शेवटी मुलाने मला उचललं. चिमटीत धरता येईना, म्हणून दोन्ही हातांनी धरलं. त्याला उमासा आला, डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, येऊ दे, चांगलाच येऊ दे. त्याने आईला कुशीवर वळवलं आणि मला खाली सरकवलं.

"उलटा ठेवलायस रे," आजी म्हणाल्या.

मुलाने मला फिरवून पुन्हा ठेवलं. मग थोडंसं झालं. खोलीत वास आला. कुणी खिडकी उघडायला धावलं नाही. मुलगा मला घेऊन गेला, त्याने मला धुतलं, हात घासघासून धुतले आणि परत येऊन आईसमोर उभा राहिला. त्याची मान खाली होती.

आजींनी त्याच्याकडे पाहिलं. मग त्यांनी डावा हात पुढे केला.

"पाणी दे."

त्यांनी अख्खा पेला संपवला आणि पुन्हा पुढे केला.

मित्रांनो, त्या मुलाबद्दलची माझी किळस अजून पुरती गेलेली नाही. एकदा मला धुतलं म्हणून नऊ दिवस धुऊन निघत नाहीत. पण एवढं सांगतो. उद्या तुमच्या घरी कुणाला सांभाळायला माणूस शोधायची वेळ आली तर मला लपवू नका. ज्याच्यासाठी माणूस आणायचा त्याला आधी विचारा. आणि कितीही चांगलं माणूस मिळालं तरी अधूनमधून मला स्वतःच्या हातांनी उचला. घरात थोडा वास आला तर येऊ द्या. आजी पाणी पितायत, एवढाच त्याचा अर्थ.